टमी टक झाल्यावर घरी काळजी कशी घ्यावी

टमी टक म्हणजे पोटाची सैल कातडी काढून पोट घट्ट करण्याचं ऑपरेशन. त्याला जाण्याआधीच उश्या, पाण्याची बाटली, गोळ्या, चार्जर असं सगळं पलंगाशेजारी हाताला लागेल असं मांडून ठेवा. कमोड नसेल तर खुर्चीचा कमोड आणा. उकिडवं बसणं जमणार नाही.

झोपताना पाठीला उश्या लावून अर्धवट रेलायचं, गुडघ्यांखालीही उशी घ्यायची. या ऑपरेशनात जादा कातडी काढून उरलेली खाली ओढून शिवतात, बहुतेकदा सैल पडलेले स्नायूही टाके घालून जवळ आणतात. सरळ झालात की ताण टाक्यांवर. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या आधाराने बसा. खोकला आला की पोटाशी उशी घट्ट धरा.

चालायचं मात्र लगेच, तेही कमरेत वाकून. भेटायला आलेली मावशी 'अगं, सरळ चाल की!' म्हणेल; पहिला आठवडाभर तिचं ऐकू नका. नुसतं पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

ड्रेन (जखमेत साठणारं पाणी बाहेर ओढणारी नळी, टोकाला फुगा) असेल तर फुगा ठरल्या वेळी रिकामा करा आणि किती मिली निघालं ते वहीत लिहा. बूच लावण्याआधी फुगा दाबून हवा काढायची. हे विसरलं की तो पाणी ओढतच नाही. 24 तासांत साधारण 30 मिलीच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात. फुगा अचानक ताज्या रक्ताने भरला, ताप आला किंवा जखमेला वास येऊ लागला तर लगेच कळवा.

पोटाला घट्ट बांधायचा पट्टा साधारण 4 ते 6 आठवडे, तुमचे सर्जन सांगतील तसा.

पोट दुखतंय म्हणून शेक घेऊ नका. बेंबीखालची कातडी काही महिने बधिर असते. गरम पिशवीने भाजलं तरी कळत नाही. सिगारेट, तंबाखू बंद, आणि मिश्रीही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, कातडी काळी पडून मरू शकते.

वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं सौम्य औषध डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. 6 आठवडे जड उचलणं नाही: पाण्याची बादली नाही, सिलिंडर नाही. बाळ कडेवर घे म्हणून हट्ट करेल. सोफ्यावर बसा, त्याला दुसऱ्या कुणीतरी शेजारी आणून बसवायचं.