स्टाउट घालून बीफ चिली: या चुका टाळा

टेक्सासमधल्या ऑस्टिनला जरा गारठा पडला की ओळखीतल्या कुणा ना कुणाचा फोन येतोच. "दादा, चिली कडू झालीय, काय करू?" चिली म्हणजे मिरचीच्या रश्श्यात मंद शिजवलेलं बीफ. मी उलट विचारतो, बिअर कुठली ओतलीस?

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. इथल्या माझ्या पहिल्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, रविवारी मी अकरा टक्के अल्कोहोलवाली, कॉफी घातलेली स्टाउट, म्हणजे भाजलेल्या बार्लीची काळी बिअर, आणली होती. बाटली देखणी होती, एवढंच कारण. दोन बाटल्या ओतल्या आणि झाकण न ठेवता दोन तास आटवत बसलो. पाणी उडालं, हॉप्स नावाच्या फुलांचा आणि भाजलेल्या बार्लीचा कडूपणा कुठे जाणार? तो पातेल्यातच घट्ट झाला. मग साखर घातली, चॉकलेट घातलं, शेवटी टोमॅटोचा अख्खा डबा उपडा केला. गोड काढा तयार! पाहुण्यांनी चिप्स आणि चीजवर भागवलं. बायको अजून विचारते, "आज चिली आहे की काढा?"

आता दीड किलो बीफला साध्या ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या, स्टाउटचा ४४० मिलिलिटरचा एकच कॅन. मांस परतलेल्या पातेल्यातच ओततो, बुडाला धरलेलं लाकडी उलथन्याने खरवडतो, पाचेक मिनिटं खळखळू देतो. पुढचं पातळ म्हणजे स्टॉक (मांस-हाडं उकळलेलं पाणी), बिअर नाही. आणि उकळलं की दारू सगळी उडते, ही थाप आहे. पाहुण्यांत कुणी घेत नसेल तर आधी सांगा.

दुसरी चूक खास आपल्या लोकांची. अमेरिकन रेसिपीत 'पाव कप चिली पावडर' लिहिलेलं असतं आणि आपण घरचं लाल तिखट मोजतो. अरे, इथली चिली पावडर म्हणजे सौम्य मिरचीत जिरं, ओरेगानो, लसूण घालून केलेला मसाला! पाव कप लवंगी तिखट पोटात गेलं तर दुसऱ्या दिवशी ऑफिसला रजाच. मी आंचो नावाच्या सौम्य, सुक्या मेक्सिकन मिरच्या तव्यावर भाजून, भिजवून वाटतो; लाल तिखट फार तर एक चमचा, आणि जिरं वेगळं.

मांस चकचं, म्हणजे खांद्याकडचं, चरबी असलेलं घ्या. बिनचरबीचं घेतलंत तर तीन तासांनीही चामडंच चावाल. सगळं एकदम पातेल्यात कोंबू नका. पाणी सुटतं आणि परतायच्या ऐवजी उकडतं. तीन घाण्यांत परता. "वेळ नाही" म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी ऑम्लेट करावं. प्रेशर कुकरने मांस शिजतं, मान्य. पण रस्सा पांचट राहतो, मग तो आटवायला वेळ जातोच.

राजमा? चिली १९७७ पासून टेक्सासचा अधिकृत राज्यपदार्थ आहे आणि टेक्सासातल्या टर्लिंग्वा गावच्या चिली स्पर्धेत तर पातेल्यात राजमा चालतच नाही. घरी मात्र मी घालतो, शेजाऱ्याला न सांगता. फक्त कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये कधीच नको. मंद आचेवर त्यातलं विष जात नाही. भिजवून, वेगळ्या पाण्यात खळखळून उकळून, पूर्ण शिजवून मगच घाला. टोमॅटोत तो लवकर मऊही होत नाही.

मीठ शेवटी, स्टॉकमध्ये आधीच असतं.

आणि झाली की लगेच वाढू नका. गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर केशरी चरबीची साय धरलेली असते. ती चमच्याने काढा, पण दोन चमचे तशीच राहू द्या.