डिफरन्शियल न खोलता रेशो ओळखा

सोलापुरात बसून जुन्या विलीस जीपचं क्राऊन-पिनियन (चाकांच्या मधल्या डिफरन्शियलमधली मोठ्या-लहान गिअरची जोडी) पुण्या-मुंबईहून मागवताना नुसतं मॉडेल सांगू नका, रेशोही सांगा, म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे होतात ते. आधीच्या मालकाने अॅक्सल बदललेला असू शकतो.

1. जमिनीवरच्या तिन्ही चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा. मागचं एकच चाक उचलून स्टँडवर घ्या.
2. चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून पिनियनपर्यंत येणारा दांडा) खडूने खूण करा.
3. चाक 20 वेळा फिरवा, शाफ्टचे फेरे मोजा, 10 ने भागा, येईल तो रेशो. 20 ने नव्हे! दुसरं चाक स्थिर असल्याने क्राऊन निम्माच फिरतो, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते.

54 च्या आसपास फेरे म्हणजे रेशो 5.38 (क्राऊनचे दाते 43 आणि पिनियनचे 8). 49 म्हणजे 4.88 (39 आणि 8).

क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्या, सुटं कधीच नको.