कॉम्प्रेसरच्या हवेतले पाणी : या चुका टाळा

मृग लागला की बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातील लहान वर्कशॉपमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते, ती म्हणजे रंगाच्या गनमधून हवेबरोबर पाणी येते. रंगावर बारीक फोड उठतात, न्यूमॅटिक चकचे (हवेच्या दाबाने काम पकडणाऱ्या चकचे) सिलिंडर अडखळतात, आणि हवा सोडणारा-अडवणारा विजेवरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडून पाहावा तर आत तांबूस गाळ सापडतो. अशा वेळी बहुतेक जण गनजवळचा फिल्टर बदलतात आणि आठवड्याने पुन्हा तोच बदलतात. माझ्या मते खोट फिल्टरमध्ये क्वचितच असते. हवा नेमकी कोठे गार होते याकडे आपण पाहत नाही, म्हणून ही वेळ येते.

थोडा हिशेब मांडून पाहावा. बेळगावात आषाढातील ओल्या दिवशी तापमान 25 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 90 टक्के धरली, तर एक घनमीटर हवेत सुमारे 20 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. गेजवर 7 बार, म्हणजे वातावरणाचा दाब धरून 8 बार, दाब तयार करताना कॉम्प्रेसर अशी साधारण 8 घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबतो, म्हणजे 160 ग्रॅम पाणी तेवढ्याच जागेत येते. पण ती हवा 30 अंशांपर्यंत गार झाली की तिला जेमतेम 30 ग्रॅम वाफ धरता येते, आणि उरलेले 130 ग्रॅम पाणी होऊन कोठे ना कोठे पडतेच. ते टँकमध्ये पडावे की रंगाच्या गनमध्ये, एवढेच आपल्या हातात असते. खानापूरच्या पावसाळी पट्ट्यात आणि अथणीकडच्या कोरड्या भागात एकाच मापाच्या कॉम्प्रेसरमधून निघणारे पाणी सारखे का नसते, याचेही उत्तर यातच आहे.

गरम हवेवर सेपरेटर बसवणे

ही चूक मी स्वतः केली आहे. टँकच्या तोंडापासून हातभर अंतरावर मी नवा वॉटर सेपरेटर बसवला होता आणि त्याची वाटी दिवसभर कोरडी राहते हे पाहून हवा कोरडी आहे अशी समजूत करून घेतली होती. संध्याकाळी शेवटची ट्रॉली रंगवताना गनने पाणी थुंकले. तेव्हा सेपरेटरच्या अलीकडच्या पाइपला हात लावला, तर तो क्षणभरही ठेववेना. आणि गनकडे जाणारा पंधरा मीटरचा रबरी होज मात्र ओल्या शहाबादी फरशीवर पडून गारठला होता. सेपरेटर थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. त्याच्यापाशी पाणी वाफच होते आणि होजमध्ये त्याचे थेंब झाले. तोच सेपरेटर भिंतीवरून फिरवलेल्या दहा-बारा मीटर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपच्या शेवटी, रंगकामाच्या बूथजवळ बसवल्यावर दुपारच्या जेवणापर्यंत त्याची वाटी भरू लागली. आफ्टरकूलर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून निघालेली गरम हवा गार करणारे साधन, परवडत असेल तर तो टँकच्या आधी असावा. नसेल तर उघड्यावरचा लांब लोखंडी पाइप हाच गरिबाचा आफ्टरकूलर समजावा.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे गरजेपेक्षा लहान कॉम्प्रेसर. तो दिवसभर न थांबता चालतो, टँक गार व्हायला उसंत मिळत नाही, आणि पाणी वाफेच्याच रूपात पुढे सरकते. कॉम्प्रेसर भट्टीशेजारी किंवा बंद कोपऱ्यात ठेवला असेल तरी परिणाम तोच होतो.

ड्रेन कॉक आणि पाइपची लाइन

ताशी 30 घनमीटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर वरच्या हिशेबाने तासाला जवळपास 600 ग्रॅम पाणी आत घेतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा ड्रेन कॉक (टँकच्या तळाचा पाणी काढण्याचा नळ) उघडणे पावसाळ्यात पुरत नाही. सकाळी मोटर सुरू करण्यापूर्वी टँक रात्रभर गार झालेला असतो, तेव्हा सर्वांत जास्त पाणी निघते. शिवाय सुट्टी होतानाही ते काढावे, कारण साचलेल्या पाण्याने टँकचा तळ आतून गंजून पातळ होतो आणि बाहेरच्या रंगावरून ते कळत नाही. आपोआप पाणी सोडणारा ऑटो ड्रेन बसवला म्हणून निर्धास्त राहू नये. गंजाचा एक कण अडकला तरी तो बंद पडतो, म्हणून त्याच्यावरचे टेस्ट बटण रोज एकदा दाबून पाहावे.

मुख्य लाइनला हवेच्या दिशेने शंभर मीटरला एक मीटर असा उतार द्यावा आणि प्रत्येक टोकाला खाली ड्रेन काढावा. मशिनकडे जाणारा फाटा लाइनच्या पोटातून घेतला तर पाणी सरळ मशिनमध्ये उतरते. तो पाठीवरून काढून वळवून खाली आणावा. पीव्हीसी पाइप तर या कामाला वापरूच नये, कारण तो दाबाखाली फुटला तर तुकडे होऊन उडतो.

ड्रायर घेतला तरी

रेफ्रिजरेटेड ड्रायर, म्हणजे हवा थंड करून तिच्यातले पाणी काढणारे यंत्र, दाबाखालच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान) साधारण 3 अंशांपर्यंत आणतो, आणि बेळगावच्या थंडीतही पारा सहसा तेवढा खाली जात नाही, म्हणून बहुतेक कामांना तो पुरेसा आहे. मात्र त्याला गरमागरम हवा दिली किंवा त्याच्या कंडेन्सरवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर) फाउंड्रीची बारीक वाळू बसू दिली, तर तो चालू दिसतो पण काम करत नाही. सकाळी लाइन कोरडी आणि दुपारी तीननंतर पाणी, असे होत असेल तर आधी कंडेन्सर झाडावा. उलट पाणी फक्त सकाळच्या पहिल्या दहा मिनिटांत येत असेल, तर ते रात्री लाइनमध्ये साचलेले असते आणि उतार किंवा ड्रेन तपासावा लागतो. गनजवळ सिलिका जेलची लहान कुपी वापरणाऱ्यांनी निळे दाणे गुलाबी झाले की ते बदलावेत किंवा तापवून सुकवावेत.

फिल्टरची पारदर्शक वाटी थिनरने पुसू नये, तिला न दिसणाऱ्या भेगा पडतात. त्यासाठी साबणाचे पाणी पुरते. टँकमधून निघणारे पाणी दुधी दिसले तर त्यात कॉम्प्रेसरचे ऑइल मिसळलेले असते. ते गटारात न सोडता वेगळ्या डब्यात साठवावे आणि पिस्टनच्या रिंगा तपासून घ्याव्यात.