बेळगावातलं जुनं घर: पाडायचं, दुरुस्त करायचं की बिल्डरला द्यायचं, ते ठरवण्याआधी

गणपत गल्लीपासून शहापूर-वडगावपर्यंत कुठल्याही कट्ट्यावर हा विषय निघाला की दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, मातीच्या भिंती आणि कौलं आता कोण सांभाळणार, गाडी लावायला जागा नाही, देऊन टाकावं आणि मोकळं व्हावं. दुसरी बाजू म्हणते, असलं सागवान आणि उन्हाळ्यात अशी गार राहणारी घरं पुन्हा होणार नाहीत. बहुतेक वेळा दोघांनीही ना उतारा बघितलेला असतो, ना माळ्यावर चढून तुळई, म्हणजे वरचा भार घेणारं आडवं लाकूड. जुनी घरं बिल्डर येण्याच्या कितीतरी आधी संपत आलेली असतात. तुळईच्या टोकाशी मुरलेलं पाणी आणि दोन पिढ्या रखडलेली वाटणी त्यांना संपवते. म्हणून तपासणीही त्याच क्रमाने करावी: आधी कागद, मग लाकूड आणि भिंत, मग रस्ता, आणि करार सगळ्यांत शेवटी.

कागद

बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे जुन्या गल्ल्यांची नोंद सिटी सर्व्हेत सापडते. सीटीएस (म्हणजे सिटी सर्व्हेच्या) नंबरचा उतारा आणि मोजणी नकाशा दोन्ही काढा. जुन्या कागदावरचं क्षेत्र चौरस यार्डात असतं. एक चौरस यार्ड म्हणजे 9 चौरस फूट, म्हणजेच 0.836 चौरस मीटर. उतारा, खरेदीखत आणि महापालिकेचा खाता (मालमत्तेची नोंद) या तिन्हींतलं क्षेत्र एकाच मापात आणून शेजारी शेजारी लिहा. फरक निघाला तर तो परड्यात किंवा शेजाऱ्याच्या बोळात अडकलेला असतो, आणि करार झाल्यावर तोच पहिला खटला ठरतो.

जुन्या वाटणीपत्रात हिस्से आण्यांत लिहिलेले असतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण घर, चार आणे म्हणजे पाव. "पाच आणे चार पै" असं असेल तर तो बरोबर तिसरा हिस्सा. मोडीतली खतं असतील तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या. चालू कागद कन्नडमध्ये असतील आणि वाचता येत नसतील तर सहीआधी ओळ न् ओळ मराठी भाषांतर हातात हवं. "मजकूर नेहमीचाच आहे" या तोंडी आश्वासनावर सही करू नये.

बहिणींच्या सह्या हा सर्वांत जास्त अडणारा मुद्दा. कर्नाटकाने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क 1994 मध्येच दिला, देशभर तो 2005 मध्ये आला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये वडील 2005 ला हयात असण्याची अट नाही हेही स्पष्ट केलं. तेव्हा "लग्नात दिलं होतं की" हे उत्तर कचेरीत चालत नाही. वंशावळ काढा. ज्यांना हिस्सा नको त्यांचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत करा, स्टँप पेपरवरची साधी सही पुरत नाही. नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून ईसी (मालमत्तेवरचे व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) घ्या, जमेल तितक्या मागच्या वर्षांची. ई-आस्थी या ऑनलाइन नोंदीतला खाता मयत आजोबांच्या नावावर असेल तर नावं आधी बदलून घ्या, कारण पुढची परवानगी खात्यावरच्या नावाने मिळते.

परवानगीचं दार कुठलं तेही याच वेळी बघावं. शहरात महापालिका, निपाणीत नगरपालिका, खानापुरात नगर पंचायत, गावात ग्रामपंचायत, कॅम्पात कँटोन्मेंट बोर्ड. आराखड्यातला रस्ता आणि झोन यासाठी बुडा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण. किल्ल्याच्या आसपासचं घर असेल तर आणखी एक अट लागते. किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये आधी मंजुरी लागते.

लाकूड आणि भिंत

ही तपासणी दोनदा करावी, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा जुलैच्या झडीत. उन्हाळ्यात सगळीच घरं धडधाकट दिसतात.

सुरुवात माळ्यावरून करा. बॅटरी, मोठा पेचकस आणि हातोडी पुरे. तुळई मधोमध क्वचित कुजते. ती कुजते भिंतीत शिरलेल्या टोकाशी, कारण कौलाचं पाणी भिंतीच्या डोक्यावर पडतं आणि माती ते धरून ठेवते. भिंतीपासून वीतभर अंतरावर पेचकस दाबून बघा. चांगल्या सागवानात तो दोन-तीन मिलिमीटरवर अडतो. सहज बोटभर आत गेला तर टोक गेलं असं समजा. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत ऐवजी भद्द आवाज आला तर आतून वाळवीने पोखरलंय. गंमत अशी की बाहेरचा रंग शाबूत असतो, म्हणून रंग बघून निर्णय घेणारे दोन्ही बाजूंनी चुकतात.

टोक गेलं म्हणजे घर गेलं असं नव्हे. खाली लोखंडी जॅक लावून भार उचलायचा, कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापायचा, आणि दोन्ही बाजूंना 8 ते 10 मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्ट्या 12 मिलिमीटरच्या बोल्टने आवळून नवं टोक जोडायचं. भिंतीवर टेकण किमान 6 इंच हवं, आणि टोकाभोवती हवेला बोटभर जागा सोडायची. गवंडी हमखास तिथे सिमेंट भरून गच्च करतो. त्याला तिथे उभं राहून थांबवावं लागतं. सिमेंटने ओल कोंडली की पाच-सहा पावसाळ्यांत नवं टोकही जातं.

तेच भिंतीच्या गिलाव्याचं. मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा ही या भागातली सर्वांत महागडी काटकसर आहे. भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही, खालची तीन फूट माती मऊ होते, आणि एक दिवस गिलावा पत्र्यासारखा सुटतो, सोबत भिंतीची साल घेऊन. ठोकून पोकळ वाजणारा गिलावा काढा. खाली चाळलेली माती, वाळू आणि बारीक चिरलेलं भाताचं काड आठवडाभर भिजवून केलेला थर द्या. वर चुना एक भाग आणि वाळू तीन भाग, जाडी 10 ते 12 मिलिमीटर. चुना निदान दोन आठवडे पाण्याखाली मुरलेला हवा. घाईत केलेला चुना नंतर भिंतीवर फुलतो आणि पापुद्रे उडतात. काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चच्या आत संपवावं, म्हणजे चुना कडक उन्हात तडकत नाही आणि पावसाआधी घट्ट होतो.

भेग दिसली की बुजवण्याआधी ती जिवंत आहे का ते बघा. भेगेवर आडवी काचेची पट्टी, साधारण तीन इंच बाय एक इंच, दोन्ही टोकांना चिकटवा आणि तारीख लिहा. पावसाळा उलटेपर्यंत काच शाबूत राहिली तर भेग जुनी, निवलेली. काच तडकली तर पाया किंवा छपराचा रेटा हलतोय. 5 मिलिमीटरहून रुंद, वर रुंद आणि खाली अरुंद होत गेलेली, कोपऱ्याजवळची भेग असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. ओळंबा सोडून बघा: दहा फुटांत इंचभराहून जास्त झुकाव आणि जिवंत भेग दोन्ही एकत्र असतील, तर त्या खोलीत राहणं थांबवा. पाडायचं की नाही ते नंतर ठरवता येतं.

एक कारण अलीकडे फार वाढलंय. गल्लीत जुन्या रस्त्यावरच नवा काँक्रीटचा थर चढत गेला, जोत्याची पायरी रस्त्यात बुडाली, आणि पावसाचं पाणी आता सोप्यात (ओसरीत) येतं. अशा घराची भिंत खालून भिजते, आणि वरची कौलं कितीही शेकारली तरी ओल जात नाही. रस्त्याचं काम सुरू होण्याआधीच जुना थर खरवडून काढावा असा गल्लीने सह्यांचा अर्ज दिला तर उपयोग होतो. थर पडल्यावर हाती उरतं ते जोत्यालगत सहा इंची उघडी गटार काढणं आणि अंगणातल्या फरशा भिंतीपासून वीतभर मागे घेणं.

कौलांचा हिशेब सोपा आहे. मंगलोरी कौलं चौरस मीटरला 15 च्या आसपास लागतात. छपराचा उतार 30 अंश असेल तर जमिनीवरच्या क्षेत्राला 1.15 ने गुणा आणि फुटतुटीला दहा टक्के वाढवा.

रस्तारुंदीची खूण

भिंतीवर लाल रंगाची रेघ मारली म्हणजे नोटीस झाली असं होत नाही. लेखी नोटीस मागा, आराखड्यात रस्ता किती रुंद दाखवलाय त्याचा उतारा बुडातून घ्या, आणि मोजणी कुठून केली ते विचारा. रस्त्याच्या मध्यापासून मोजलं असेल तर 20 फुटी गल्ली 40 फुटी करताना दोन्हीकडून दहा-दहा फूट जातं. एकाच बाजूचं वीस फूट जात असेल तर कारण लेखी मागायचा तुम्हाला हक्क आहे. जागा सोडण्याचा मोबदला रोख घ्यायचा की टीडीआर (दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क), हे ताबा देण्याआधी कागदावर आणा. टीडीआरचं प्रमाणपत्र विकलं जाईल तेव्हाच त्याचा पैसा होतो. गल्लीत खरेदीदार नसेल तर ते कपाटातच राहतं.

प्रत्यक्ष कापणी ही वेगळीच जोखीम. जुन्या घरात तुळया बहुधा रस्त्याच्या भिंतीवरच टेकलेल्या असतात. ती भिंत जेसीबीने ओढली की मागची माडी लोंबकळते. म्हणून नव्या रेषेच्या फूटभर आत आधी आडवा आधार उभा करा: खाली फळी, वर फळी, मध्ये दर चार फुटांवर जॅक. त्यावर भार आल्याची खात्री झाल्यावर नवी भिंत किंवा काँक्रीटची चौकट बांधा, तिच्यावर तुळया टेकवा, आणि मगच पुढचा भाग हाताने, वरून खाली उतरवत काढा.

शेजारची सामाईक भिंत

गल्लीतलं घर एकटं उभं नसतं, शेजाऱ्याच्या भिंतीला खांदा देऊन असतं. एक घर काढलं की शेजारची मातीची भिंत उघडी पडते, जी कधी पावसात भिजलेलीच नाही. पाडणाऱ्याने आणि शेजाऱ्याने मिळून आधी फोटो काढावेत, भेगांची यादी करून दोघांनी सही करावी, आणि जूनच्या आत त्या भिंतीला पत्रा किंवा चुन्याचा गिलावा लावण्याचा खर्च कोणाचा ते लिहून ठेवावं. तळघरात पार्किंगसाठी खणायचं असेल तर शेजारचा पाया किती खोल आहे ते एका ठिकाणी उघडून बघा. दगड-मातीचा पाया कधी दोन-अडीच फुटांवरच संपतो. सलग खणू नये. चार-पाच फुटांचे तुकडे सोडून सोडून खणावेत, भिंत बांधावी, मग उरलेले. 20 वर्षांहून जुन्या इमारतीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क कायद्याने आहे. परड्यातली जुनी विहीर बुजवलेली असेल तर तिची जागा मोजणी नकाशावर शोधा. तिच्यावर खांब आला की इमारत एका अंगाने बसते.

बिल्डरशी बोलणी

फायद्याचं गणित आधी घरी करा. समजा जागा 2,400 चौरस फूट, मंजूर बांधकाम दीडपट, म्हणजे 3,600. मालकांचा निम्मा हिस्सा 1,800, पण तो सुपर बिल्टअप, म्हणजे भिंती, जिना, सामाईक जागा धरून. हातात येणारा कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र, साधारण 1,300. तीन भावांत वाटला की प्रत्येकी 430 चौरस फूट. हे वाचून घरात जी शांतता पसरते ती करारानंतर पसरण्यापेक्षा आधी बरी. दीडपट हा आकडा उदाहरणापुरता आहे. किती मजले आणि किती बांधकाम हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, त्यामुळे अरुंद गल्लीत पाच मजले कबूल करणाऱ्याकडे मंजूर नकाशाच मागा. डिसेंबर 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (बांधकाम मंजुरीप्रमाणे झालं आणि राहायला हरकत नाही हा दाखला) कायमची वीज आणि पाणी मिळणं अवघड झालंय. वाढीव मजल्याचा भुर्दंड शेवटी फ्लॅटमध्ये राहणाराच हेस्कॉम या वीज कंपनीच्या कचेरीत भरतो.

रेरा (घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा) आपल्याला वाचवेल ही समजूत गल्लीतल्या कामांत फारशी खरी ठरत नाही. जागा 500 चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्ती नाही, आणि आपली बहुतेक जुनी घरं त्यात बसतात. म्हणून कायद्यातली संरक्षणं करारात हाताने लिहून घ्यावी लागतात: हिस्सा कार्पेटमध्ये, बांधकामातल्या दोषाची पाच वर्षांची जबाबदारी, ठरलेल्या तारखेनंतर महिन्याचं भाडं, आणि मालकांचे फ्लॅट ताब्यात दिल्याशिवाय बिल्डरच्या हिश्श्याची शेवटची विक्री नाही. मुखत्यारपत्र जागा विकण्याचं सरसकट देऊ नका, फक्त बिल्डरच्या हिश्श्यापुरतं द्या. करार नोंदणीकृतच हवा. व्यक्तीला भांडवली नफ्याचा कर पूर्णत्वाच्या दाखल्याच्या वर्षापर्यंत पुढे ढकलता येतो, तोही नोंदणी असेल तरच.

खाली दुकानाचा भाडेकरू असेल तर त्याच्याशी बिल्डरने बोलावं असं म्हणून मोकळं होऊ नका. 14 चौरस मीटरपर्यंतचं दुकान 1999 च्या कर्नाटक भाडे कायद्याच्या संरक्षणाखाली येतं. त्याची नवी जागा, तिचं माप आणि मधल्या काळातली सोय त्याच करारात, त्याच्या सहीने यावी.

शेवटी लाकूड. पाडणारा ठेकेदार "पाडकाम फुकट, माल माझा" म्हणतो, कारण पैसा मालातच असतो. आधी मोजा: लांबी फुटांत गुणिले रुंदी इंचांत गुणिले जाडी इंचांत, भागिले 144, म्हणजे घनफूट. दहा फुटी, 6 बाय 8 ची एक तुळई 3.33 घनफूट भरते. तुळया, खांब, हस्त (खांबाच्या डोक्याशी तुळईला दिलेले आधार), दारं-चौकटी, कडीपाटाच्या फळ्या वेगवेगळ्या लिहा, प्रत्येकावर खडूने नंबर टाका, आणि सागवान, नाणा, किंदळ वेगळे करा, कारण भाव वेगळा मिळतो. कोरीव चौकट तोडून नव्हे, चारी बाजूंची भिंत मोकळी करून अखंड काढायची, हे ठेक्यात लिहा. यादीची एक प्रत ठेकेदाराच्या सहीने ठेवा, आणि माल बाहेर पडण्याच्या दिवशी घरचं एक माणूस दारात असू दे.