पाय टेकतो तिथून पुढे

मी दापोली तालुक्यात, हर्णैच्या जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे शाळा बुडायला फार मोठं कारण लागत नाही. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपली की मोठी माणसं होडीवर जातात, आई मासळी घेऊन बाजाराला जाते आणि धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहते. पावसाळ्यात अतिवृष्टीची सुट्टी, मग गणपती, मग शिमगा. 2020 मध्ये तर सगळंच एका वर्षात कोसळलं. मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाली आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. घरांचे पत्रे उडाले, पोफळी आडव्या झाल्या, दप्तरं भिजून लगदा झाली. वीज कित्येक आठवडे नव्हती, तिथे मोबाईलवर कोण शिकणार? आमचे पहिली ते चौथीचे वर्ग नीट उघडले ते 1 डिसेंबर 2021 ला.

बहुतेक मुलं हळूहळू सावरली. काही सावरली नाहीत. हे लिखाण त्या काहींसाठी आहे, म्हणजे ज्यांना अध्ययन अक्षमता आहे (डोकं चांगलं असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित कायम जड जातं) आणि वरून शाळाही बुडाली आहे अशा मुलांच्या पालकांसाठी आणि माझ्यासारख्या शिक्षकांसाठी. शाळा आजारपणाने बुडो, स्थलांतराने बुडो की पुराने, करायचं काम तेच असतं.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते. 2021 च्या जुलैत 45 दिवसांचा सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या वर्षाची उजळणी, आला. शाळा बंद होती, म्हणून मी वाडीतल्या एका ओट्यावर मुलं बसवून तो पूर्ण करून घेतला. त्यात तिसरीतला एक मुलगा होता, खलाशाचा. त्याचं अक्षर सुरेख. मी फळ्यावर लिहिलेलं जसंच्या तसं उतरवायचा, मी खाली बरोबरची खूण करायचे. चौथीत गेल्यावर एक दिवस मी त्याला त्याचीच वही वाचायला दिली. त्याने पहिली ओळ पाठ म्हटली, कारण ती त्याला ऐकून ठाऊक होती. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून तो गप्प उभा राहिला. ते 45 दिवस त्याने अक्षरांची चित्रं काढली होती आणि मी त्याला लेखन समजत होते.

त्याची आई म्हणाली, "बाई, ह्याच्या डोक्यात काय शिरतच नाय ओ." तोच मुलगा आईबरोबर मासळी विकायला बसला की पाचशेच्या नोटेतून तीनशे वीस वजा करून उरलेले पैसे बोलता बोलता परत देतो. डोकं पक्कं होतं. अडत होतं ते कागदाशी.

म्हणून सांगते, वर्गाचा धडा कुठवर आला ते काही दिवस बाजूला ठेवा. ओहोटीला खाडी उतरताना आपण काठीने चाचपतो आणि पाय टेकेल तिथेच पाऊल टाकतो. या मुलाचा पाय नेमका कुठे टेकतो ते आधी शोधा. मला त्याला एक आठवडा लागला. रोज दहा मिनिटं, बाकी कोणी आजूबाजूला नसताना. सुटी अक्षरं दाखवली. मग काना असलेले शब्द, मग वेलांटीचे, मग मात्रांचे, शेवटी जोडाक्षरांचे. जिथे अडला तिथे थांबले आणि चूक झाली तर ती सुधारण्याऐवजी तशीच वहीत लिहून ठेवली. चुका नीट पाहिल्या तर पुढची वाट त्याच दाखवतात.

त्याच्या चुका अशा होत्या. ब आणि व, भ आणि म, घ आणि ध, थ आणि य यांत गोंधळ. "हरिण" हा शब्द तो "हिरण" वाचायचा, "कविता" ची "किवता" करायचा. हे धांदलीने होत नाही. पहिली वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण कागदावर अक्षराच्या आधी उभी असते. डावीकडून वाचत आलेल्या मुलाला "ह" नंतर वेलांटीचा दांडा, मग "र", मग… अशी सरमिसळ होते आणि ती वेलांटी हाताशी लागेल त्या अक्षराला चिकटते. आपल्याला सवयीने ते दिसतही नाही.

इथे एक गोष्ट जपा. शाळा बुडाल्याने मागे पडलेलं मूल आणि अध्ययन अक्षमता असलेलं मूल सुरुवातीला सारखंच दिसतं. घाईने शिक्का मारू नका आणि "मोठा झाला की येईल आपोआप" म्हणून सोडूनही देऊ नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग दोन-तीन महिने रोज, नेमाने, खाली सांगते तसं शिकवा. नुसती शाळा बुडालेलं मूल या काळात भराभर पुढे जातं. दुसरं मूल पुढे सरकतं, पण आज आलेलं परवा विसरतं, एकाच ओळीत एकच शब्द तीन तऱ्हांनी वाचतं आणि तोंडी सांगण्यात व लिहिण्यात जमीन-अस्मानाचं अंतर राहतं. असं दिसलं तर तपासणीच्या मागे लागा.

रोजची वीस मिनिटं

रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज वीस मिनिटं द्या. सुरुवात नेहमी जे येतं त्यानेच करा, म्हणजे बसताना पोटात गोळा येणार नाही. मग एकच नवी गोष्ट. मग मिळून वाचन, ओळीखाली बोट त्याचं, आवाज दोघांचा. तो अडला की तीन सेकंद थांबा, नाही आलं तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला. शेवटची पाच मिनिटं तुम्ही त्याला गोष्ट वाचून दाखवा. दमला असाल तेव्हा हीच पाच मिनिटं गाळावीशी वाटतील. ती गाळू नका. पुस्तकात काहीतरी गोड आहे हे त्याला तेवढ्यातच कळतं.

अक्षरं मी ओल्या वाळूवर घेतली. ओहोटी लागली की किनारा पाटीसारखा होतो. हातभर मोठा "भ" काढायचा, अख्खा दंड फिरवून, आणि काढताना तोंडाने आवाज म्हणायचा. डोळा, कान, तोंड, हात सगळे एकाच वेळी कामाला लागले की अक्षर जास्त टिकतं. समुद्र लांब असेल तर ताटात रवा पसरा. मात्र दिसायला सारखी अक्षरं एका दिवशी शिकवू नका. "भ" आठवडाभर पक्का होऊ द्या, तोवर "म" चं नाव काढू नका. शाळेत आपण दोन्ही शेजारी लिहून "बघ फरक" म्हणतो, त्याने या मुलांचा गुंता वाढतो.

शब्द निवडताना काना आणि दुसरी वेलांटी आधी घ्या, कारण त्या उच्चाराच्याच क्रमाने कागदावर येतात. मासा, वारा, खाडी, काठी, नाखवा. बघा, यात एक जोडाक्षर नाही, पहिली वेलांटी नाही आणि सगळे शब्द त्याच्या घरातले आहेत. पहिली वेलांटी त्यानंतर महिन्याभराने. तेव्हा मी पुठ्ठ्याच्या एकाच तुकड्यावर "रि" लिहून वेलांटी आणि अक्षर दोन्हींभोवती लाल खडूने एक कडं काढलं. "हे दोघं एका घरात राहतात" एवढंच सांगितलं. "ह", "रि", "ण" असे तीन तुकडे तो जुळवायचा आणि वाचायचा. तीन आठवडे लागले. रफार आणि बाकीची जोडाक्षरं अगदी शेवटी.

आणि चौथीतल्या मुलाच्या हातात पहिलीचं पुस्तक देऊ नका. त्याला समज चौथीची असते, लाज त्याहून मोठ्या माणसाची. शेजारच्या मुलाने ते पुस्तक पाहिलं की दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागतं. मी त्याला जाळं कसं दुरुस्त करतात ते विचारलं. तो सांगत गेला, मी त्याचेच शब्द लिहीत गेले: "जाळं फाटलं. बाबा ओटीवर बसले. सुई हातात घेतली. मी दोरा दिला. जाळं परत नीट झालं." पाच ओळी. त्याने त्या आठवडाभर वाचल्या, कारण त्या त्याच्या होत्या. अशा बावीस गोष्टींची एक वही झाली.

वाचन सावरेपर्यंत बाकीचे विषय थांबवू नका. परिसर, विज्ञान, इतिहास वाचून दाखवा आणि उत्तर तोंडी घ्या. वाचता येत नाही म्हणून माहितीतही मागे राहिला, तर दोन वर्षांनी वाचन येऊनही धडा कळणार नाही. वर्गासमोर उभं करून अचानक वाचायला लावू नका. त्याचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगा, घरी चार वेळा वाचून येऊ दे.

आकडे

गणितात आपल्या मराठीचीच एक अडचण आहे. पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. मूल ऐकलं तसं 52 लिहितं. एकोणतीस ऐकून 39 लिहितं, कारण "तीस" आणि शेवटचा नऊ दोन्ही त्याला आठवतात. 2019 मध्ये दुसरीच्या बालभारतीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांच्यावर खूप टीका झाली. या मुलांसोबत बसल्यावर मला त्यामागचा विचार पटला. मी दोन्ही म्हणून घेते: "वीस पाच, पंचवीस." आधी पहिलं म्हणत लिहायचं, मग दुसरं म्हणायचं. बाजारात कोणी वीस पाच म्हणत नाही, म्हणून जुनं नाव सोडून चालणार नाही, पण हाताला आधी दशक सापडलं पाहिजे.

पाढे पाठ होत नसतील तर मोजायला खरी वस्तू द्या. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरतात. चार डझनांची, पाच डझनांची. बाराचा पाढा या मुलाने पेटी भरताना घेतला, भिंतीवरच्या तक्त्यावरून कधीच घेतला नव्हता. बांगड्यांचे पाच-पाचचे वाटे लावताना भागाकार. मग तेच लगेच कागदावर मांडायचं, नाहीतर हुशारी बाजारातच राहते.

दाखला

अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एक वेगळा प्रकार म्हणून आलेली आहे. आपल्या मुलाला दिव्यांग म्हणायचं हे ऐकून आईबापांच्या काळजात चर्र होतं. त्या मुलाच्या आईने तर दोन महिने माझ्याशी बोलणं टाळलं. मी तिला एवढंच सांगितलं, की अध्ययन अक्षमतेचा दाखला हा त्याच्या हक्काचा कागद आहे. दहावीला तासामागे 20 मिनिटं जास्त मिळतात, गरज असेल तर लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाच्या चुकांना सवलत असते.

पूर्वी यासाठी मुंबईला सायन, नायर नाहीतर केईएमला जावं लागायचं. आता आधी गटसाधन केंद्रातल्या (शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रातल्या) विशेष शिक्षकांना भेटा, सध्या कुठे पाठवतात ते त्यांना ठाऊक असतं, आणि अर्जाचंही त्यांनाच विचारा. आठ वर्षांच्या आधी सहसा दाखला देत नाहीत. जाताना आधार कार्ड आणि जन्माचा दाखला तर घ्याच, पण सोबत गेल्या दोन वर्षांच्या वह्या न्या, पानं न फाडता, आणि वर्गशिक्षकांचं पत्र न्या. शाळा किती महिने आणि कशामुळे बुडाली ते पत्रात स्पष्ट लिहा. तपासणाऱ्याने तेच आधी विचारायला हवं. आम्ही गेलो त्या रुग्णालयात पहिल्या खेपेला संबंधित माणूस रजेवर होता, दुसऱ्या खेपेला अर्धीच चाचणी झाली. पहाटेची एसटी, आईची दिवसाची कमाई बुडालेली. म्हणून निघण्याआधी फोन करून तारीख नक्की करा. मुलाला घरून खायला नेऊन द्या, उपाशी मुलाची चाचणी खरी येत नाही.

दाखला मिळाला म्हणून रोजची वीस मिनिटं थांबवायची नाहीत. तो मुलगा आता सातवीत आहे. वाचतो सावकाश, लांब वाक्यात अजून थांबतो, पण स्वतःहून वाचतो.

पुढची सुट्टी येणारच आहे आणि सुट्टीत ही मुलं इतरांपेक्षा जास्त विसरतात, हे धरून चाला. मी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आईच्या हाती दहा शब्दांचे पुठ्ठे देते. रोज रात्री जेवणानंतर तेवढेच वाचायचे, नवीन काही नाही. आईला वाचता येत नसेल तर प्रत्येक पुठ्ठ्यामागे चित्र काढून देते, म्हणजे बरोबर की चूक ते तिला कळतं. शाळा उघडल्यावर पहिला आठवडा फक्त उजळणी. आणि पुठ्ठे झाकणाच्या बरणीत ठेवायला सांगा. आमच्या खाऱ्या हवेत पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी धरते. दोन वर्षांचे माझे असेच गेले.