स्विमिंग पूलच्या काठावर कोणती झाडं लावावीत?

अलिबाग, कर्जत, लोणावळ्याकडे फार्महाऊस बांधणारी माणसं नर्सरीत आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: क्लोरीनच्या पाण्याने झाडं जळणार नाहीत ना? मला वाटतं, हा प्रश्न उलटा विचारायला हवा. नीट सांभाळलेल्या पूलमध्ये क्लोरीन १ ते ३ पीपीएम, म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत एक ते तीन भाग एवढाच असतो. मुलांनी उड्या मारल्या आणि चार शिंतोडे पानांवर उडाले तर धट्टीकट्टी झाडं ते सहज सोसतात. झाडांमुळे पाण्याला होणारा त्रास मात्र रोजचा असतो. पान, फूल, माती, खत, काहीही पाण्यात गेलं की क्लोरीन त्यावरच खर्ची पडतो आणि शेवाळाचं फावतं. म्हणून झाड घेताना आधी विचारा, हे काय काय गाळतं?

मला हे कळलं ते कर्जतच्या एका बंगल्यावर. पूलजवळ जुना गुलमोहर होता. माळीदादा रोज सकाळी लांब दांड्याची जाळी फिरवायचे. शेंगा, फुलं जाळीत यायची. पण तांदळाच्या दाण्याएवढी पानं स्किमरच्या (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या खाचेच्या) टोपलीतूनही निसटायची आणि पंपाच्या टोपलीत त्यांचा हिरवट लगदा साचायचा. मग पंप बंद करा, झाकण उघडा, हाताने लगदा खरवडा, झाकणाची रबरी रिंग पुसून परत बसवा. झाड देखणं होतं, जागा चुकली होती.

१. आधी नुसतं बघा

खुर्ची टाकून एक दुपार पूलपाशी बसा. वारा कुठून येतो, पाणी कुठवर उडतं, ऊन कुठे तापतं ते पाहा. कोकणात पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा आणि उन्हाळ्यात दुपारचा वाराही समुद्राकडूनच येतो. त्यामुळे पश्चिमेच्या अंगाला पानगळीचं झाड लावलं की पाचोळा थेट पाण्यात. पंचाईत अशी की, दुपारची सावलीही पश्चिमेकडूनच हवी असते. त्याचा उपाय पुढे देतो.

फिल्टर धुतल्यावर निघणारं पाणी कुठे सोडलंय तेही शोधा. खरा धोका शिंतोड्यांत नाही, या पाण्यात आहे. ते वारंवार एकाच जागी मुरत राहिलं तर क्षार साठतात आणि पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. हे पाणी शोषखड्ड्यात न्या, आळ्यात सोडू नका.

२. नको असलेली नावं खोडा

वड, पिंपळ, उंबर अशा फायकसच्या सगळ्या जाती: मुळं पाइप आणि भिंतीत घुसतात. बांबूचंही तेच, शिवाय त्याची पानगळ बारमाही. कडुलिंबाची पानं लहान, शेवगा-गुलमोहराची तर फार बारीक. जांभळाचे डाग फरशीवरून निघत नाहीत. बोगनवेल अनवाणी पायांसाठी वाईट, आणि तिची कागदी फुलं वाऱ्यावर उडत पाण्यात येतात. नारळ पूलवर झुकलेला छान दिसतो, पण झावळी किंवा नारळ डोक्यात पडू शकतो.

कण्हेरीबद्दल कळकळीने सांगतो. ती ऊन, खारं पाणी सगळं सोसते म्हणून पूलसाठी हमखास सुचवली जाते. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. जिथे ओली, भुकेलेली मुलं हाताला येईल ते तोंडात घालतात, तिथे ती नकोच.

देवचाफ्यावर माझा जीव आहे. थंडीत तो पानं टाकतो, पण पानं-फुलं मोठी असल्याने हाताने उचलता येतात. पूर्वेच्या बाजूला, दहा-बारा फुटांवर लावा.

३. अंतराप्रमाणे निवडा

काठापासून पहिले तीन फूट पाणी उडणारच. इथे समुद्रकाठची झाडं चांगली टिकतात, कारण खारेपणा त्यांना नवा नाही. स्पायडर लिली ही माझी पहिली पसंती: पट्ट्यासारखी पानं, गळती जवळपास नाही. तिचा कांदा विषारी असतो, तेवढा मातीत झाकलेला ठेवा. बिनकाट्यांचा मऊ अगेव्ह आणि स्नेक प्लांटही चालतात. पूल मिठावर चालणारा, म्हणजे मिठापासूनच क्लोरीन बनवणारा असेल तर त्यात साधारण ३,००० ते ४,००० पीपीएम मीठ असतं. मग या पट्ट्यात नाजूक काही लावूच नका.

त्यामागे सॉन्ग ऑफ इंडिया (पिवळ्या कडांच्या पानांचं झुडूप), क्लुसिया (जाड, चकचकीत पानांचं झुडूप), कर्दळ. कर्दळीची जुनी पानं बुंध्याशीच सुकतात, कात्रीने कापली की काम झालं.

आणि पश्चिमेच्या सावलीसाठी फॉक्सटेल पाम. वाळलेली झावळी अख्खी सुटून पडते, बारीक कचरा होत नाही. ती जड असते, म्हणून झाड काठापासून आठ-दहा फूट मागे लावा.

४. आळं आणि माती

जमिनीचा उतार पूलपासून दूर हवा. नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात तांबडी माती पाण्यात. आळ्याला चार-सहा इंचांची कड बांधा आणि काठ व आळं यांच्यात दोन फूट दगडी पट्टा सोडा. देशावरच्या काळ्या मातीत जास्त काळजी घ्या. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते, त्यामुळे पूलच्या भिंतीलगत पाणी साचू देऊ नका. ठिबक लावा. खत शेणखत किंवा गांडूळखतच, तेही मातीत मिसळून. वरून युरिया फेकू नका.

५. लावल्यानंतर

जूनमध्ये लागवड केली तर पावसात मुळं धरतात आणि साचलेले क्षारही धुऊन जातात. खरी परीक्षा मार्च ते मे. पूलमध्ये क्लोरीनचा जादा डोस दिला असेल तर पाणी पूर्ववत होईपर्यंत मुलांना उतरू देऊ नका, काठही त्या पाण्याने धुऊ नका. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पुढच्या रांगेतली पानं साध्या पाण्याने धुवा आणि आळं भरपूर भिजवा. तरीही एखाद्या झाडाच्या कडा करपत राहिल्या तर ते उपटून चार फूट मागे लावा आणि त्या जागी स्पायडर लिलीचा आणखी एक कांदा रोवा.