एकाच संगणकावर अनेक डेस्कटॉप

अहवाल लिहिणे, हिशेब तपासणे आणि ईमेलला उत्तरे देणे ही कामे एकाच वेळी चालू असली, की हवी ती विंडो शोधण्यातच वेळ जातो. अशा वेळी प्रत्येक कामाला स्वतंत्र आभासी डेस्कटॉप, म्हणजे त्याच पडद्यावर विंडो मांडण्याची वेगळी जागा, द्यावा. ब्राउझर एकीकडे आणि वर्ड दुसरीकडे अशी प्रोग्रॅमनुसार विभागणी मात्र करू नये, कारण एकाच कामासाठी दोन्ही लागतात आणि मग सतत येरझाऱ्या घालाव्या लागतात.

विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि डी या कळा एकत्र दाबल्यावर नवा डेस्कटॉप उघडतो. डीऐवजी डावा किंवा उजवा बाण दाबल्यास शेजारच्या डेस्कटॉपवर जाता येते. विंडोज आणि टॅब दाबून उघडणाऱ्या टास्क व्ह्यूमध्ये, म्हणजे सगळ्या विंडो आणि डेस्कटॉप एकत्र दाखवणाऱ्या दृश्यात, विंडो माऊसने ओढून दुसऱ्या डेस्कटॉपवर नेता येते, तर एखादी विंडो सर्वत्र दिसायला हवी असल्यास तिच्यावर राइट क्लिक करून तसा पर्याय निवडावा. कंट्रोल, विंडोज आणि एफ४ दाबल्यास चालू डेस्कटॉप बंद होतो, पण त्यावरील विंडो बंद न होता शेजारच्या डेस्कटॉपवर जातात. त्यामुळे काम गमावण्याची भीती नाही.

मॅकवर कंट्रोल आणि वरचा बाण दाबून मिशन कंट्रोल हे तसेच दृश्य उघडावे, पॉइंटर वरच्या कडेला नेऊन उजवीकडील अधिक चिन्हावर क्लिक करावे. असे १६ पर्यंत डेस्कटॉप ठेवता येतात. डेस्कटॉप हव्या त्या क्रमाने लावले आणि थोड्या वेळाने तो क्रम बदललेला दिसला, तर गोंधळून जाऊ नये. अलीकडच्या वापरानुसार क्रम आपोआप बदलण्याची सोय तेथे मुळातच चालू असते. सेटिंग्जमधील डेस्कटॉप आणि डॉक या विभागात जाऊन ती आधी बंद करावी.

लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉप प्रणालीमध्ये सुपर कळ (बहुतेक कीबोर्डवरील विंडोज कळ) दाबल्यावर वर्कस्पेस, म्हणजे तेथील आभासी डेस्कटॉप, दिसतात आणि शेवटी एक रिकामा वर्कस्पेस आपोआप तयार राहतो. केडीई प्लाझ्मा या लिनक्सवरील दुसऱ्या डेस्कटॉप प्रणालीमध्ये मात्र डेस्कटॉपची संख्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये आपणच ठरवायची असते.

डेस्कटॉप कितीही वाढवले, तरी उघडे प्रोग्रॅम तेवढीच मेमरी वापरतात, आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइलीही सगळीकडे त्याच दिसतात. त्यामुळे खासगी कागदपत्रे इतरांपासून दूर ठेवायची असतील, तर वेगळे वापरकर्ता खाते उघडावे.